रजिस्टरचा फोटो आणि ८५ हजारांचा क्लास

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली. साडेतीन वर्षं खासगी रुग्णालयात नोकरी, त्यातलं शेवटचं दीड वर्ष मेडिकल रेकॉर्ड विभागात. रुग्णालयाच्या फायली आता क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, चालल्या आहेत आणि ते काम बघून तिला त्यातच, म्हणजे रुग्णांच्या माहितीच्या सुरक्षेत, करिअर करायचं आहे. पुण्यातला एक क्लास ८५ हजारांत ‘अमेरिकन सरकारमान्य हिपा सर्टिफिकेट’ देतो म्हणे. वडील विचारतात: पैसे भरू का? हातातलं नर्सिंग सोडावं का? आणि कॉम्प्युटरची पदवी नसताना तिला उभं कोण करणार?

सप्रेम नमस्कार.

पैशांचं आधी सांगते, कारण महिनाअखेरीस प्रवेश बंद होणार असं तुम्ही लिहिलंय. भरू नका. हिपा हा रुग्णांची माहिती जपण्याबद्दलचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा. तिथल्या रुग्णालयांची बरीच कामं पुण्या-मुंबईत चालतात, म्हणून हा शब्द आपल्याकडच्या जाहिरातींत आला. पण कुणाला ‘हिपा सर्टिफाइड’ ठरवायची सोयच तिथल्या सरकारने ठेवलेली नाही. खासगी संस्था शिकवतात आणि कागद देतात. शिकवणं चांगलंही असेल, पण ‘सरकारमान्य’ हा शब्द खोटा आहे आणि ८५ हजार त्या शब्दाचेच आहेत.

आता फोटोकडे येते. लेकीचं काम किती नेटकं आहे हे दाखवायला तुम्ही तिचा टेबलावरचा फोटो जोडलात. अक्षर खरंच सुरेख आहे. इतकं सुरेख की समोरच्या उघड्या रजिस्टरातली चार रुग्णांची नावं, वयं आणि एकाचं निदान मला मोबाइलवर मोठं करून सहज वाचता आलं.

रागावू नका. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला त्या फोटोतच सापडलं. तो माझ्यापर्यंत कसा आला ते बघा. तिच्या फोनने काढला. तिच्या फोनवर गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल, तर त्याच क्षणी एक प्रत क्लाउडवर गेली. मग तो व्हॉट्सॲपवरून तुमच्याकडे आला, तुम्ही लिहिलंय तसा घरच्या ग्रुपवरही फिरला, आणि शेवटी ईमेलने माझ्याकडे. चोरी कुणी केली नाही, पासवर्ड कुणी फोडला नाही. तरी त्या चौघांची माहिती अशा जागी पोहोचली जिच्याशी त्यांच्या रुग्णालयाचा काडीचा करार नाही.

अमेरिकेत हेच महागात पडलं आहे. ओरेगॉनच्या वैद्यकीय विद्यापीठात निवासी डॉक्टरांनी सोयीसाठी रुग्णांच्या याद्या ऑनलाइन तक्त्यात ठेवल्या होत्या. क्लाउड कंपनीशी जो करार हवा, ज्याला तिथे बीएए म्हणतात, तो नव्हता. तीन हजारांवर रुग्णांची माहिती तिथे होती. हे आणि चोरीला गेलेले लॅपटॉप मिळून २०१६ मध्ये विद्यापीठाने २७ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी तिथल्या सरकारने आणखी एक स्पष्ट केलं: माहिती कुलूपबंद असली आणि किल्ली क्लाउड कंपनीकडे नसली, तरीही करार लागतोच.

करार झाला म्हणजे काम झालं असंही नाही. सोसायटीला वॉचमन ठेवला तरी आपल्या फ्लॅटचं दार आपल्यालाच लावावं लागतं. ॲमेझॉनची एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टची ॲझ्युर, गूगल क्लाउड अशा क्लाउड सेवा देणाऱ्या कंपन्या इमारत सांभाळतात. कोणत्या नर्सला कोणती फाइल दिसावी, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन बंद झालं का, रिपोर्टांचा साठा चुकून सगळ्या जगाला उघडा राहिला नाही ना, हे रुग्णालयाने बघायचं. एडब्ल्यूएसशी बीएए केला तरी रुग्णाची माहिती त्यांच्या ठरावीक सेवांमध्येच ठेवता येते, वाटेल तिथे नाही.

आणि क्लाउड म्हणजेच धोका असंही तिच्या मनात भरवू नका. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तो त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर. कित्येक दिवस ओपीडीचे कागद हाताने लिहावे लागले.

आपल्याकडेही आता हे ढिलं राहणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती जपण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यावर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सहा तासांत कळवायचं, हा नियम तर २०२२ पासूनच आहे. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोनला असं काही झालं तर हे सहा तास कोण मोजणार? ते काम करणारं माणूस लागणार आहे, आणि ते नुसतं कॉम्प्युटरवालं असून भागत नाही.

का भागत नाही, ते सांगते. संशोधनाला माहिती देताना रुग्णाचं नाव काढून टाकतात. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाला वाटतं, नावाचा रकाना पुसला की झालं. तुमच्या मुलीला विचारा: ‘वय ९३, स्त्री, खुब्याचं हाड मोडलं, अमुक गाव’ एवढं लिहिलं तर? ती हसेल. गावात ९३ वर्षांच्या आजी किती असणार! हिपात म्हणूनच ८९ च्या पुढची सगळी वयं ‘९० आणि वर’ अशा एकाच खान्यात टाकायची पद्धत आहे. नव्वदीच्या दशकात लताना स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरला मतदारयादी विकत घेतली आणि निव्वळ जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून, नाव काढलेल्या नोंदींतून मॅसेच्युसेट्सच्या गव्हर्नरची वैद्यकीय नोंद शोधून काढली. हे क्लासमध्ये शिकवता येतं, पण वॉर्डात राहिलेल्या माणसाला ते आधीच कळलेलं असतं.

म्हणून नर्सिंग सोडायचा प्रश्न मला तसा दिसतच नाही. नर्सिंग हेच तिचं भांडवल आहे. राजीनामा आत्ता देऊ नये आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण कधीच चुकवू नये.

शिकायचं काय? आधी क्लाउडची तोंडओळख. एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर ही परीक्षा १०० डॉलर अधिक करात होते आणि तयारीचं साहित्य फुकट मिळतं. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधून काढायची कॉम्प्युटरची भाषा, बेतापुरतं यावं, तीन महिने रोज तासभर दिला तर येतं. मग एफएचआयआर, म्हणजे एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला समजावी म्हणून ठरवलेला साचा. आरोग्याच्या डिजिटल नोंदींसाठीचं केंद्र सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन याच साच्यावर चालतं. तिथे नोंदी रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच पुढे जातात. मिशनचं सॅन्डबॉक्स, म्हणजे सरावाचं मैदान, तिने जरूर बघावं. सरावाला खऱ्या रुग्णांच्या नोंदी घरी आणायच्या नाहीत, एकही नाही. सिंथिया नावाचं मोफत साधन हवे तेवढे खोटे रुग्ण तयार करून देतं.

मुलाखतीला नेण्यासाठी तिने एकच कागद करावा. एक रक्ततपासणीचा रिपोर्ट मशीनमधून निघाल्यापासून रुग्णाच्या हाती पडेपर्यंत कुठे कुठे जातो, प्रत कुठे राहते, ती कोण उघडू शकतं, आणि कुठे करार नाही. रुग्णालयाचं नाव न लिहिता. मी इतकी वर्षं मुलांचे बायोडाटा बघते. प्रमाणपत्रांच्या थप्प्या येतात, असा कागद क्वचित येतो.

पहिली नोकरी मात्र ‘क्लाउड सिक्युरिटी’ची मिळणार नाही, हे तिला आत्ताच सांगा. रुग्णालयांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, सिस्टिम बसवून देणाऱ्या किंवा सपोर्टच्या टीममध्ये मिळेल. तिथून दोनेक वर्षांत कंप्लायन्सकडे, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघण्याच्या कामाकडे, वळता येतं. अमेरिकेचं काम असेल तर रात्रपाळी आलीच. तुम्हाला त्याची काळजी वाटत असेल, पण रेकॉर्ड विभागाआधीची दोन वर्षं तिने वॉर्डात काय केलं ते तिलाच विचारा!

फोटो मी माझ्याकडून काढून टाकलाय. तुम्हीही तो ग्रुपवरून ‘सर्वांसाठी’ डिलीट करा. ते होत नसेल तर प्रत्येकाला फोन करून काढायला सांगा. मुलीच्या गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तरी ६० दिवस कचरापेटीत राहतो, तेव्हा ती पेटीही रिकामी करायला सांगा. आणि सिस्टर इन्चार्जना हे तिने स्वतःहून सांगावं. ओरडा बसेल, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.