डॉक्टरबाईंना विचारा : जन्मतः लहान होती, अजूनही लहानच आहे

प्रश्न : आदरणीय डॉक्टरबाई, माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. दिवस भरून झाली, पण वजन फक्त १ किलो ७०० ग्रॅम होतं. आता उंची १०२ सेंटिमीटर. शाळेत प्रार्थनेला रांगेत कायम पहिली. माझी उंची १५२, यांची १६५. पुण्याच्या डॉक्टरांनी ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सुचवलंय, रोज एक, काही वर्षं. सासूबाई म्हणतात, "हार्मोन टोचून पोरीला दाढी-मिशा यायच्या. दूध-बदाम दे, दारात झोका बांध." आमचे टॉवेलचे चार माग आहेत, खर्च झेपेल का कळत नाही. काय करू?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंची दाढी-मिशी निकालात काढू. ती पुरुषी हार्मोनची करामत. हे हार्मोन वेगळं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ते आपल्या सगळ्यांच्याच अंगात येतं, आणि मुलांच्या गाढ झोपेत जास्त. म्हणून इंजेक्शनही रात्री झोपताना देतात. पूर्वी ते मेलेल्या माणसांच्या ग्रंथींतून काढत, त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार जडला. १९८५ पासून प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन मिळतं, तो धोका त्यात नाही.

तुमच्या मुलीच्या अंगात हे हार्मोन बहुधा पुरेसंच असेल. पोटात असताना वाढ खुंटलेल्या दहा बाळांपैकी साधारण नऊ बाळं दोन वर्षांची होईतो उंचीची भर काढतात. एखादं मागेच राहतं. अशा मुलांसाठी या औषधाला अमेरिकेत २००१ साली आणि युरोपात २००३ साली मान्यता मिळाली. युरोपात चार वर्षं पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे पुण्याच्या डॉक्टरांनी काही भलतं सांगितलेलं नाही, आणि मुलीचं वयही योग्य आहे.

पण मला तुमच्या पत्रात एक आकडा हवा होता, तो नाही : गेल्या वर्षी ती किती वाढली? या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ व्हायला हवी. शाळेच्या वहीतली उंची बहुतेक वेळा बुटांसकट मोजलेली असते, ती धरू नका. दवाखान्यात अनवाणी, त्याच पट्टीवर, दर तीन-चार महिन्यांनी मोजून घ्या. जन्माचं डिस्चार्ज कार्डही शोधा. वजन सगळे लिहितात, बाळाची लांबी मात्र आमचीच मंडळी लिहायची विसरतात.

दुसरं, उंची खुंटायची इतर कारणं तपासली का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक आजार, आणि हाडांचं वय कळायला डाव्या मनगटाचा एक्स-रे. आणि मुलगी आहे म्हणून गुणसूत्रांची तपासणी, कारण टर्नर सिंड्रोमच्या, म्हणजे एका एक्स गुणसूत्रात जन्मतः दोष असलेल्या, मुलीही जन्मतः लहान असू शकतात. ही एक तपासणी महाग वाटते म्हणून लोक टाळतात. टाळू नका.

अपेक्षा किती ठेवायची? आईबापांच्या उंचीची बेरीज, त्यातून तेरा वजा, भागिले दोन. तुमच्या घरात ते १५२ येतं. इंजेक्शनने शेवटच्या उंचीत सरासरी पाच-सहा सेंटिमीटरची भर पडते. कुणाला जास्त, कुणाला जवळजवळ काहीच नाही. पहिल्या वर्षी वेग छान दिसतो, मग मंदावतो. मध्येच सोडलं तर तो आणखी घसरतो. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मुलगी मोठी होईल तसं बिलही मोठं होतं. माझं स्पष्ट मत : पुढच्या काही वर्षांचा खर्च डोळ्यांसमोर दिसत नसेल तर कर्ज काढून सुरुवात करू नका. १४५ सेंटिमीटरची बाई आजारी नसते.

सुरू केलंत तर सोलापूरचा मे महिना लक्षात ठेवा. पारा बेचाळिसावर, त्यात लाइट गेलेली. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवायचं नाही. एकदा गोठलं की फेकायचं. सुट्टीत अक्कलकोटला आजोळी निघालात तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, मध्ये फडकं, मग इंजेक्शनचं पेन. सुई रोज जागा बदलून टोचा. डोकं दुखून उलट्या, अंधुक दिसणं, किंवा मांडी-गुडघा दुखून लंगडणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. साखर आणि थायरॉइडची तपासणी अधूनमधून होतच राहील.

दूध-बदामाचं म्हणाल तर जरा जपून. अशी मुलं खाऊ घालून उंच होत नाहीत, नुसती गुबगुबीत होतात, आणि पुढे मधुमेह-रक्तदाब मागे लागण्याचा धोका वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या अभ्यासात आपली बाळं वजनाने कमी पण चरबीने भरलेली आढळली, ते उगाच नाही. भाकरी, शेंगाचटणी, डाळ, अंडं, रोजचंच पोटभर द्या. डब्यातली महागडी पावडर बंद. झोका मात्र बांधा. उंची वाढणार नाही, पण पोरगी खूश होईल आणि सासूबाईही.

पुण्याला जाल तेव्हा दोन गोष्टी सुरू करण्याआधीच लिहून घ्या : सुयांसकट वर्षाचा खर्च, आणि पहिल्या वर्षात किती सेंटिमीटरपेक्षा कमी वाढली तर इंजेक्शन बंद करायचं.