भुकेची वेळ आधी ओळख
जंक फूड सोडायचंय ना, मग सगळं एका दिवसात बंद करू नकोस. मी तसंच केलं होतं. नवव्या दिवशी कामावरून परतताना दोन बर्गर घेतले आणि घरी पोचायच्या आत संपवले. तेव्हा कळलं, माझी खरी अडचण संध्याकाळी सहाची भूक होती. दुपारी एकनंतर पोटात काहीच जायचं नाही. मग साडेचारला मूठभर शेंगदाणे नाहीतर उकडलेलं अंडं खायला लागले, आणि त्या दुकानाकडे पाय वळेनासे झाले. तुझी वेळ कोणती, ते आठवडाभर लिहून काढ.

सोडायचंच तर आधी कोल्ड्रिंक सोड. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि पोट तर भरतच नाही. तळलेल्याचं म्हणशील तर १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी. बटाटा उकडून खुशाल खा. फोनमधलं ऑर्डरचं अ‍ॅपही काढून टाक, खरंच फरक पडतो.

आणि एखाद्या दिवशी खाल्लंसच, तर शिक्षा म्हणून रात्री उपाशी झोपू नकोस. दुसऱ्या दिवशी तीच भूक दुपटीने उठते. पुढचं जेवण नेहमीसारखं जेव.