बंदरालगत जागा घेण्याआधी

प्रश्न: आमचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस आहे. दर हंगामात युरोपला कंटेनर जातात. आम्ही दोघे भाऊ न्हावा-शेव्याला बंदराजवळ जागा भाडेपट्ट्यावर घेऊन कोल्ड स्टोअरेज टाकायचा विचार करतोय. हंगाम संपला की बाहेरची सफरचंदं, किवी उतरवता येतील. एक एजंट उरणजवळचा साडेबारा टक्क्यांतला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना दिलेला, प्लॉट तीस वर्षांसाठी मिळवून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, सेझमध्येच (विशेष आर्थिक क्षेत्रात) घ्या. काय करावं?
– एक बागायतदार, जि. नाशिक

उत्तर: द्राक्षांसाठी बंदरावर कोल्ड स्टोअरेज टाकू नका. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून मी तिथे कस्टम्स क्लिअरिंगचं काम केलं. द्राक्षांचे कंटेनर जाताना खूप पाहिले, म्हणून एवढं ठामपणे सांगतो.

घड तोडला की मण्यांत उन्हाची ऊब असते. ती पुढच्या काही तासांत प्री-कूलिंगला काढावी लागते, आणि ते पिंपळगावलाच होतं. तुमच्याकडे पेटीत सल्फर डायऑक्साइडचं पॅड पडतं, पॅलेट थेट चेंबरमधून रीफरमध्ये (गार कंटेनरमध्ये) चढतात, आत तापमानाचा रेकॉर्डर बसतो, दाराला इलेक्ट्रॉनिक सील लागतं आणि गाडी कसारा घाट उतरते. बंदराच्या गेटवर सील तपासलं जातं, कंटेनर यार्डात जातो आणि विजेच्या प्लगला लागतो. मधे कुठे दार उघडायचं कारणच नाही. तुम्ही उरणला स्वतःचं स्टोअरेज टाकून माल तिथे उतरवलात, तर समुद्रावरची दमट हवा गार मण्यांवर बसेल, मणी घामेजतील आणि रॉटरडॅमला पेटी उघडेल तेव्हा बुरशी दिसेल. आपल्याच हाताने साखळी तोडायची आणि वर त्याचं भाडंही भरायचं! पैसा घालायचाच असेल तर पिंपळगावला एक प्री-कूलिंग चेंबर वाढवा.

आयातीचं तसं नाही. सफरचंद, किवी इथेच उतरतात आणि वाशीच्या फळबाजारात विकली जातात, त्यामुळे बंदराजवळ गार जागा असण्याला अर्थ आहे. पण ती स्वतःचीच हवी असं नाही. तुर्भे-तळोज्याच्या पट्ट्यात कोल्ड स्टोअरेजमध्ये जागा भाड्याने मिळते. एक-दोन हंगाम तिथे माल ठेवून बघा. वाशीतला व्यापारी पैसे किती दिवसांनी देतो, क्वारंटाइनची (कीड-रोगाची) तपासणी आणि अन्नसुरक्षेचे नमुने यात किती वेळ जातो, वाया किती जातं, हे एकदा कळलं की किती टनांचं स्टोअरेज लागेल ते तुम्हीच सांगाल. त्याच्या आधी जमिनीत अडकू नका.

आता जमिनीबद्दल. बंदर प्राधिकरणाची स्वतःची जागा ई-निविदा आणि लिलावाने दिली जाते. ती कुणी मधला माणूस ‘मिळवून’ देऊ शकत नाही. देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. मोठ्या बंदरांच्या जमीन-धोरणात भाडं बाजारमूल्याच्या किमान 6 टक्क्यांवरून ठरतं आणि दरवर्षी 2 टक्क्यांनी वाढतं. 2 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तीस वर्षांच्या पट्ट्यात शेवटच्या वर्षाचं भाडं पहिल्याच्या पावणेदोन पट होतं. मुदत संपल्यावर बांधकामाचं काय होणार, आणि पट्ट्याचे हक्क बँकेकडे तारण ठेवायला बंदराची परवानगी कशी मिळते, ही दोन कलमं वकिलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

सेझचा सल्ला तुमच्यासाठी चुकीचा आहे. तिथे 60 वर्षांचा पट्टा मिळतो, जागा आखीव आहे, हे खरं. पण पाच वर्षांत एकूण परकीय चलनाची मिळकत खर्चापेक्षा जास्त दाखवावी लागते, आणि देशात विकलेल्या मालाला आयातीसारखीच पूर्ण ड्यूटी लागते. तुमचं सफरचंद वाशीला जाणार, मग फायदा काय? नव्या युनिटना आयकराची जुनी सवलतही आता मिळत नाही.

राहिला साडेबारा टक्क्यांतला प्लॉट. हे भूखंड फुकट आलेले नाहीत. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि पागोट्याला जमिनीसाठी शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांनी तो लढा चालवला आणि त्यातून ही विकसित भूखंडांची योजना आली. म्हणून माझा आग्रह आहे की एजंटला बाजूला ठेवून त्या कुटुंबाच्या घरी जाऊन बसा. वारस किती, सगळ्यांची सही आहे का, हे तिथेच कळेल. पुष्कळदा एजंटच्या हातात नुसत्या वाटपपत्राची झेरॉक्स असते. तेवढ्यावर एक रुपयाही देऊ नका. सिडकोशी झालेला मूळ भाडेपट्टा, हस्तांतर झालं असेल तर त्याचा सिडको, देणारा आणि घेणारा यांच्यातला त्रिपक्षीय करार, भूखंडाचा मंजूर वापर आणि पोटभाड्याने द्यायला सिडकोची परवानगी, एवढं बघा. जागेवर जा तेव्हा ओहोटीला जा. कांदळवन दिसलं तर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा मागवा. कांदळवन आणि त्याच्या भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला हायकोर्टाची मनाई आहे, आणि ती तोडून कुणी गोडाऊन उभं करावं असं मला माणूस म्हणूनही वाटत नाही.

आणि हे ‘तीस वर्षं’ कुणी ठरवलं? महाराष्ट्रात दहाच्या वर 29 वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 50 टक्के रकमेवर मुद्रांक शुल्क लागतं. 29 च्या वर गेलात की 90 टक्के रकमेवर. एका वर्षापायी एवढा फरक! मुदतवाढीचं कलम घातलंत तर तीही वर्षं मोजली जातात. पाचच्या वर पण दहा वर्षांच्या आत भागत असेल तर शुल्क 25 टक्के रकमेवर येतं. करार एक वर्षावरचा असेल तर नोंदणी टाळता येत नाही, आणि टाळूही नका.

प्रश्न: वाढवण बंदर होणार म्हणून डहाणूकडे गोडाऊनसाठी जागा लांब मुदतीने भाड्याने घ्यावी का? मालक आदिवासी आहेत.
– एक वाहतूकदार, नाशिक रोड

उत्तर: पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. बंदर समुद्रात भराव घालून उभं राहणार आहे, त्यामुळे गोडाऊनला काम लागायला वेळ आहे. तिथल्या मच्छीमारांचा विरोधही तुम्ही समजून घ्या. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकत काय, भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय घेता येत नाही. महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘साध्या कागदावर करून टाकू, मागून बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा. तसा व्यवहार टिकत नाही, जमीन मूळ मालकाकडे परत जाते, आणि जायलाच हवी. आत्ता काम हवं असेल तर भिवंडीत गाळा भाड्याने घ्या.