बॉडी नंतर, आधी चाकं बघ

अगं, बागेत चालवायच्या मॉडेल रेल्वे इंजिनाचं परवा तू दाखवलेलं ड्रॉइंग मस्तच आहे, जाळी, हेडलाइट, खिडक्या सगळं आलंय, पण चाकांच्या जागी नुसते चार गोल काढून मोकळी झालीस! बागेतलं इंजिन चालणार की पडणार ते त्या चार गोलांवरच ठरतं, तेव्हा बॉडीचा सनबोर्ड आत्ता कापू नकोस.

आपल्याला ग्वाल्हेरवाल्यांना एक सोय आहे बघ. २०२० ला बंद पडली ती आपली श्योपूरची छोटी गाडी दोन फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, आणि एका फुटाला १६ मिमी धरले की दोन फुटांचे बरोबर ३२ होतात, म्हणजे ३२ मिमीच्या रुळावर सगळं साधारण १९ पट लहान. पण म्हणून पहिल्याच फटक्यात एनडीएम-५ चा, त्या गाडीच्या डिझेल इंजिनाचा, हट्ट नको, खाली चाकांच्या दोन वळणाऱ्या चौकटी (बोग्या) आणि आठ चाकं, वर्षभर त्यातच अडकशील. चार चाकांचं शंटिंगवालं कर, खोक्यासारखं.

मी काय केलं होतं सांगतो. पहिलं इंजिन पितळी पत्र्याचं, रंगबिंग देऊन, नंबर प्लेटसकट, दोन्ही ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीतले दांडे, फ्रेममध्ये एकदम टाइट. डायनिंग टेबलवर झकास चाललं आणि अंगणात तुळशीपाशी पहिल्याच वळणावर आडवं. उचललं, परत आडवं. बायको म्हणाली, जयविलास महालातली चांदीची गाडी जेवणाच्या टेबलावरच फिरते ते काय उगाच! शेवटी जाड काचेवर ठेवून एकेका चाकाखाली जुनं बसचं तिकीट सरकवून बघितलं, तीन चाकांना अडलं, चौथ्याखालून आरामात आरपार. अंगणातला ट्रॅक मातीवर, एका पावसात कुठेतरी खचणारच, मग कडक बसवलेल्या चारातलं एक चाक हवेत राहतं आणि वळणावर रूळ सोडतं. तिपाई कधी डुगडुगते का? तेच करायचं. मोटरवाला ॲक्सल पक्का ठेव, दुसरा पितळी नळीत घाल आणि ती नळी मधोमध एकाच स्क्रूवर धर, स्क्रू गाडीच्या लांबीच्या दिशेनं हं, म्हणजे एक चाक वर गेलं की दुसरं खाली येतं. दोन मिमी हाललं तरी पुरे.

चाकं खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, काढून घे, २४ मिमी व्यासाची, ॲक्सल ३ मिमीचा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये २८ मिमी अंतर हवं, तेवढा प्लायचा तुकडा कापून खिशातच ठेव आणि दर वेळी लावून बघ, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस.

मोटर एन-२० घे, ती बोटाएवढी छोटी, गिअरबॉक्सवाली, सहा व्होल्टला ३०० आरपीएमची. एका १८६५० सेलच्या (चार्ज होणारा लिथियमचा) ३.७ व्होल्टवर ती साधारण १८५ फिरेल, म्हणजे मिनिटाला १४ मीटरच्या आसपास, १९ पट केलं तर ताशी १६ किलोमीटर, छोट्या गाडीला शोभेल असा स्पीड. पोरं हजार आरपीएमची लावतात आणि मग इंजिन उंदरासारखं पळतं. मोटर लांबीत बसव आणि क्राउन गिअरनं, म्हणजे काटकोनात फिरवणाऱ्या दातेरी चाकानं, ॲक्सल फिरव, आडवी त्या २८ मिमीत मावत नाही.

बॅटरीचा फायदा असा की रुळातून करंट घ्यायचा नाही, त्यामुळे धूळ, गंज, कावळ्यांची घाण, काही फरक पडत नाही. पण जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून वापरू नकोस, आणि सेलला थेट सोल्डर तर अजिबात नको, होल्डर घे, चार्जिंगचं मॉड्यूल प्रोटेक्शनवालं घे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा इंजिन उन्हात विसरायचं नाही, चालवायचं ते संध्याकाळी.

वजन मोटरवाल्या ॲक्सलवर जास्त टाक, सायकलवाल्याकडचे जुने छर्रे पिशवीत भरून चालतात.

चेसिस झाली की रविवारी पाचनंतर घेऊन ये, नागडीच आण, बॉडी नको. तुळशीपाशी तेच वळण अजून आहे, मुद्दाम सरळ केलेलं नाही. आणि एक जुनं बसचं तिकीट शोधून ठेव, माझं फाटलं.