वाचकांचे प्रश्न : प्लेअरमधली पंडितांची गर्दी

प्रश्न : सीडी आणि घरच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या शास्त्रीय संगीताच्या सुमारे सहा हजार फाइल माझ्याकडे आहेत. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाता-येता ऐकता याव्यात म्हणून छोटा म्युझिक प्लेअर घेतला आणि १२८ जीबीच्या कार्डावर सगळे भरले. आता काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, काहींच्या जागी चौकोन. द्रुत बंदिश विलंबिताच्या आधी वाजते आणि हवा तो राग सापडेपर्यंत इगतपुरी येते. संगणकावर फोल्डर तर नीट लावलेले आहेत. चूक कोठे आहे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : फोल्डर आपण नीट लावले असले, तरी बहुतेक प्लेअर कलाकारांची आणि अल्बमची यादी तयार करताना त्यांच्याकडे पाहत नाहीत, प्रत्येक फाइलच्या पोटात जी माहितीची चिठ्ठी असते, म्हणजे टॅग, तीच वाचतात. आपली चूक तेथे आहे.

प्रश्नचिन्हे आणि चौकोन ही दोन वेगळी दुखणी आहेत. चौकोन दिसतात तेव्हा नाव शाबूत असते, मात्र प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नसतो, त्यामुळे नावे रोमन लिपीत लिहिणे हाच व्यवहार्य उपाय राहतो. प्रश्नचिन्हे दिसतात तेव्हा बहुधा टॅग लिहितानाच अक्षरे गळालेली असतात. एमपी३ची जुनी टॅगपद्धत, म्हणजे आयडी३ची पहिली आवृत्ती, शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट देते आणि तिच्यात देवनागरीचा विचारच नाही. ‘एमपी३टॅग’ या प्रोग्रॅममध्ये आयडी३ची २.३ ही आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही देवनागरी सामावून घेणारी अक्षरपद्धत निवडून टॅग पुन्हा लिहावेत. फाइलच्या नावावरून टॅग भरण्याची सोय त्यात असल्याने आपण फोल्डर लावण्यात घातलेला वेळ वाया जाणार नाही.

कलाकाराच्या रकान्यात ‘पं.’ आणि ‘उ.’ लिहू नये. तसे लिहिल्यास निम्मे संगीतविश्व ‘प’खाली गोळा होते आणि त्या गर्दीतून एक नाव शोधावे लागते, ते न लिहिल्याने आदरात काही कमी पडत नाही. शिवाय ‘डी. व्ही. पलुस्कर’, ‘पलुस्कर डी. व्ही.’ आणि ‘दत्तात्रेय विष्णु पलुस्कर’ हे प्लेअरच्या लेखी तीन गायक आहेत. एक रूप ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे. वर्षाचा रकानाही तपासावा. पलुस्कर १९५५ साली गेले; त्यांच्या ध्वनिमुद्रणापुढे १९९० नंतरचे वर्ष दिसत असेल, तर ते सीडी निघाल्याचे आहे, गायनाचे नव्हे.

रागासाठी मी प्रकाराचा रकाना, म्हणजे ‘जॉनर’, वापरतो. आयडी३च्या मूळ यादीत ठरीव ८० प्रकार होते, त्यांत यमन रागाला जागा नव्हती, २.३ मध्ये मात्र तेथे हवा तो मजकूर लिहिता येतो. सहाही हजार फाइलींवर ‘शास्त्रीय’ असा शिक्का मारून हाती काही लागत नाही. त्याऐवजी रागाचे नाव लिहिले, की जाताना तोडी आणि परतीच्या गाडीत मारवा दोन-तीन बटणांत सापडतो.

क्रमाचे दुखणे साधे आहे. संथ लयीच्या विलंबिताला ०१ आणि त्यानंतरच्या जलद द्रुताला ०२ असा क्रमांक टॅगमध्ये आणि फाइलच्या नावातही द्यावा. शून्य वगळल्यास कित्येक प्लेअर १ नंतर १० वाजवतात. काही स्वस्त प्लेअर तर फाइल ज्या क्रमाने कार्डावर चढल्या त्याच क्रमाने वाजवतात, म्हणून दुरुस्ती कार्डावर न करता संगणकावर करावी आणि मग कार्ड रिकामे करून एकेक फोल्डर क्रमाने चढवावा. मूळ संग्रह संगणकावर आणि त्याची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असू द्यावी.

प्रश्न : एमपी३ फाइलींचे फ्लॅकमध्ये रूपांतर केल्यास आवाज सुधारेल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. फ्लॅक हा आवाजातले काहीही न गाळता साठवणारा फाइल-प्रकार आहे, पण एमपी३ करताना गेलेला आवाज त्याने परत येत नाही, फक्त फाइल फुगते. सीडी जवळ असेल तर तिच्यावरूनच नव्याने फ्लॅक करावी. तासाभराच्या संगीताला फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ३५० एमबी लागतात, तर ३२० केबीपीएसच्या एमपी३ला सुमारे १४४. गाडीच्या खडखडाटात ऐकायला एमपी३ पुरेशी आहे. फ्लॅक घरच्या डिस्कवर ठेवावी.