पोटात राहिलेला गॉज आणि सही केलेले संमतिपत्र

प्रश्न : माझी आई (वय 58) बार्शीत घरगुती डबे करून देते. गेल्या वर्षी मे महिन्यात एका खासगी रुग्णालयात तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पोटदुखी आणि बारीक ताप थांबेना. आम्ही तीनदा त्याच डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा ‘शुगर आहे, भरून यायला वेळ लागणार’ असे सांगण्यात आले. नोव्हेंबरमध्ये सोलापूरला सीटी स्कॅन केला, त्यात पोटात गॉज (रक्त टिपायचा जाळीदार कापडाचा तुकडा) राहिल्याचे दिसले आणि दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढावा लागला. पहिले डॉक्टर म्हणतात, ‘गुंतागुंत होऊ शकते, हे वाचून तुम्हीच सही केली आहे.’ त्या सहीमुळे आमचा हक्क संपला का? पोलिसांत जावे का?

उत्तर : त्या सहीने आपला हक्क संपलेला नाही. हे सर्वांत आधी सांगते, कारण या एका कागदाला घाबरून गप्प बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. संमतिपत्रावर सही करणारा रुग्ण शस्त्रक्रियेला आणि पुरेशी काळजी घेऊनही उद्भवू शकणाऱ्या धोक्यांना संमती देतो. हयगयीला संमती कोणीच देत नाही. पित्तनलिकेला इजा होणे हा प्रकार निष्णात सर्जनच्या हातूनही घडू शकतो, आणि आपली तक्रार तशी असती तर मी आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला सांगितले असते. गॉजचे तसे नाही. पोट शिवण्यापूर्वी आत गेलेला प्रत्येक तुकडा मोजून बाहेर आला आहे ना, हे पाहणे ऑपरेशन थिएटरमधले रोजचे काम आहे.

अपकृत्याचा कायदा, ज्याला वकील मंडळी टॉर्ट म्हणतात, आपल्याकडे एका संहितेत लिहिलेला नाही. तो मुख्यतः न्यायालयांच्या निकालांतून घडत आला आहे. निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागणाऱ्याला दाखवावे लागते, की समोरच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही आणि त्यामुळेच आपले नुकसान झाले. डॉक्टरांनी रुग्णाला उपचारासाठी स्वीकारले की कर्तव्याचा प्रश्न मिटतो. खरी लढाई बहुतेक वेळा ‘त्यामुळेच’ या शब्दावर होते.

आपल्या प्रकरणाशी जवळचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. 1963 च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर एका महिलेची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि टॉवेलसारखा एक मॉप पोटात राहिला. तो दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढला गेला, पण पेरिटोनायटिसने, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला आलेल्या सुजेने, ती वाचली नाही. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशा प्रकरणात वस्तुस्थितीच बोलते. नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे रुग्णाच्या नातेवाइकांना सांगता आले नाही, तरी रुग्णालय चालवणारे शासन जबाबदार ठरते. दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे प्रकृती बिघडली असे गृहीत धरले, तरी मॉप राहिला नसता तर तिची गरजच पडली नसती, हेही न्यायालयाने नोंदवले. 36,000 रुपयांची भरपाई कायम झाली, तीही घटनेनंतर 33 वर्षांनी. तो उशीर आजही मला अस्वस्थ करतो.

रुग्णालय आपल्या आईंच्या मधुमेहाकडे बोट दाखवील. मधुमेहामुळे जखम भरायला वेळ लागला, हे खरेही असेल. पण रुग्ण ज्या प्रकृतीचा असतो त्याच प्रकृतीत त्याची काळजी घ्यायची असते, आणि सीटी स्कॅनमध्ये दिसलेला गॉज साखरेमुळे तिथे गेलेला नाही. भरपाईत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च, प्रवास, सहा महिन्यांच्या वेदना आणि बुडालेले उत्पन्न या सर्वांचा समावेश होतो. डबे बंद होते त्या काळाचा हिशेब तोंडी सांगू नका. गिऱ्हाइकांचे डबे आणि खाडे मांडून ठेवलेली वही आपल्या घरी नक्कीच असेल; शस्त्रक्रियेपूर्वीच्या महिन्यांची भरलेली पाने आणि नंतरची कोरी पाने हा उत्तम पुरावा आहे.

पोलिसांत जाण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरण्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले. शिवाय फौजदारी खटल्याचा मुख्य हेतू भरपाई मिळवून देणे हा नसतो. पैसे भरून घेतलेली वैद्यकीय सेवा सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून ग्राहक कायद्याखाली येते, म्हणून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. गॉज कळला त्या दिवसापासून ती मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. गोव्यातील एका परिचारिकेची 1993 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि गॉज 2002 मध्ये सापडला. इतकी वर्षे त्रास होत असूनही त्यांनी त्या सर्जनशी संपर्क साधला नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली. आपण तीनदा डॉक्टरांकडे गेलात, म्हणून आपली बाजू निराळी आहे. त्या तिन्ही भेटींच्या चिठ्ठ्या जपा. तरीही पहिल्या शस्त्रक्रियेपासून दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच तक्रार दाखल करावी.

त्याआधी आईंच्या सहीने रुग्णालयाकडे संपूर्ण केसपेपरची मागणी लेखी करा. शस्त्रक्रियेची टिपणे आणि गॉज मोजल्याची नोंद यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख असावा. मागणीनंतर 72 तासांत नोंदी देणे नियमाने बंधनकारक आहे. अर्ज हाती देत असाल तर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.