जुना डिजिटल मिक्सर घेताना

प्रश्न : आमच्या नाट्यसंस्थेसाठी वापरलेला बेहरिंगर एक्स-३२ हा ध्वनी-मिक्सर घेण्याचा विचार आहे. पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : मिक्सर सुरू होतो, पडदा उजळतो, एवढ्यावर समाधान मानू नये. या यंत्रातील २५ मोटरचलित फेडरांकडे (आवाजाची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांकडे) प्रथम पाहावे, कारण मंडपातली धूळ त्यांच्या खाचांतच साचते. सर्व फेडर तळाशी असलेला एक सीन (म्हणजे यंत्रात साठवलेली मांडणी) आणि सर्व फेडर वर असलेला दुसरा सीन साठवून ते आळीपाळीने लावले, की अडखळणारा, मध्येच थांबणारा किंवा थरथरत राहणारा फेडर लगेच उघडा पडतो. त्यानंतर एकच कंडेन्सर माइक आणि एकच केबल मागच्या ३२ही माइक इनपुटांत क्रमाने लावावी. काम कंटाळवाणे आहे, परंतु ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) आणि गेन, म्हणजे इनपुटची ध्वनिवर्धन पातळी, वाढवल्यावरची खरखर यांची खात्री अन्य मार्गाने होत नाही. पुढे स्टेजबॉक्स (रंगमंचावरच्या माइकच्या केबली जोडण्याची पेटी) जोडणार असाल, तर त्यासाठीच्या एईएस-५० या डिजिटल जोडणीची दोन्ही पोर्टे प्रत्यक्ष जोडूनच पाहावीत. फर्मवेअर (यंत्रातली अंगभूत आज्ञावली) जुने असणे हा दोष नव्हे, ते विनामूल्य बदलता येते. यंत्र किमान तासभर चालू ठेवावे, कारण वीजपुरवठ्यातील काही दोष ते तापल्यावरच दिसतात. विक्रेता तेवढा वेळ देत नसेल, तर व्यवहार सोडावा.